पुराच्या पाण्यात बांधलेली बोट
इंग्लंडच्या कालव्यांवरील एका धंद्याची हिवाळी कसोटी

इंग्लंड आणि वेल्समधील कालव्यांवर व त्यांना जोडलेल्या नद्यांवर आज ३५ हजारांच्या घरात बोटी आहेत. औद्योगिक क्रांतीच्या ऐन भरात कोळसा, लोखंड आणि चिनी माती वाहणाऱ्या बोटी होत्या, त्यांच्यापेक्षाही ही संख्या मोठी असल्याचे सांगितले जाते. फरक एवढाच की आता त्यांच्यात कोळसा भरलेला नसतो. काही बोटी सुटीवर येणाऱ्यांना आठवड्याच्या भाड्याने दिल्या जातात, काही हौशी मालकांच्या असतात, आणि हजारो बोटी अशा आहेत की त्यांच्या मालकांना दुसरे घरच नाही. चूल, बिछाना, मुलांची पुस्तके, सगळे त्या पोलादी पेटीत.

या सर्व बोटींत एक गोष्ट समान आहे. वर्षातले बहुतेक दिवस त्या चालत नसतात, काठाला बांधलेल्या असतात. भाड्याच्या बोटीही मार्च-एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत फिरतात आणि मग थंडीभर उभ्या राहतात. नेमका तोच काळ तिकडे पुराचा. म्हणजे या धंद्यातली सर्वांत मोठी जोखीम प्रवासात नाही, ती बोट उभी असताना येते, आणि तीही मालक पन्नास मैलांवर आपल्या घरी झोपलेला असताना.

रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या आमच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. मात्र त्यांचा उपाय वेगळा. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून, झावळ्यांनी वा ताडपत्रीने शाकारून ठेवल्या जातात. पाणी कितीही चढले तरी होडी त्याच्या वाटेत नसते. इंग्लंडच्या कालव्यावरील पंधरा ते वीस टनांची पोलादी बोट दर हिवाळ्यात अशी उचलणे परवडत नाही. त्यासाठी क्रेन लागते, आणि क्रेन उभी राहील असा पक्का काठ लागतो. म्हणून ती पाण्यातच राहते आणि पाण्यातच तिला सांभाळावे लागते. ही सांभाळण्याची विद्या आमच्या वाचकांपुढे ठेवावी असे वाटले.

बोट अशी का आहे?

प्रथम या बोटीची ठेवण समजून घेतली पाहिजे. १७६१ मध्ये वर्स्ले येथील खाणीतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला आणि मँचेस्टरमध्ये कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. या कामातला कारागीर-इंजिनिअर जेम्स ब्रिंडली. पुढे ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणाऱ्या कालव्यावर त्याने लॉक बांधले, म्हणजे बोट वर चढवण्या-उतरवण्याचे दोन्ही बाजूंना दरवाजे असलेले हौद. त्यांची रुंदी त्याने सुमारे ७ फूट ठरवली. खर्चाची आणि पाण्याची बचत हा त्यामागचा हिशेब. त्या एका निर्णयाने मध्य इंग्लंडमधल्या बोटींची रुंदी आजतागायत ठरून गेली आहे. बोट ६ फूट १० इंच रुंद आणि लांबी मात्र ७० फुटांपर्यंत. तळ सपाट, पाण्याखाली जेमतेम दोन फूट. आजच्या बोटीचा तळ बहुधा १० मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचा, बाजू ६ मिलिमीटरच्या आणि वरची खोली ४ मिलिमीटरची असते.

सपाट तळाची, लांब आणि अरुंद अशी ही चीज संथ पाण्यासाठी केलेली आहे. कालव्यात तिला काही होत नाही. पण तिच्या बाजूला भोके असतात: मोरीचे पाणी जाण्यासाठी, धुरासाठी, इंजिनाच्या खोलीत हवा खेळण्यासाठी. ती सारी पाण्याच्या रेषेपासून वीत-दीड वीत वर. बोट सरळ उभी आहे तोवर हे अंतर भरपूर आहे. ती एका बाजूला कलली की त्यातले पहिले भोक पाण्याखाली जाते, आणि मग बोट बुडायला फार वेळ लागत नाही. पुढचे सारे समजण्यासाठी एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. पुरात या बोटी सहसा फुटून बुडत नाहीत, कलून बुडतात.

कालवा आणि नदी

कालव्याचे पाणी माणसाने आणलेले असते. वरच्या जलाशयातून ते सोडायचे आणि जास्त झाले तर सांडव्यावरून काढून द्यायचे. म्हणून पाऊस पडला तरी कालवा सहसा बोटभर चढतो-उतरतो. नदीचे तसे नाही. घोटाळा असा की इंग्लंडचे बरेचसे जलमार्ग हे कालवा आणि नदी यांची वेणी घातल्यासारखे आहेत. यॉर्कशायरमधील काल्डर-हेबल आणि एअर-काल्डर, लेस्टरकडील सोअर, दक्षिणेतील केनेट-एव्हन, या सर्वांवर बोट दोन मैल शांत कालव्यातून जाते आणि मग अचानक उघड्या नदीत उतरते. ज्या जागी कालवा नदीला मिळतो तेथे पुराचे दरवाजे असतात. एरवी ते सताड उघडे. नदी चढली की ते बंद होतात आणि आतल्या बोटी सुरक्षित राहतात. बाहेरच्या बाहेर.

म्हणून पहिली आणि सर्वांत स्वस्त खबरदारी दोरांची नव्हे, जागेची. पुराचा इशारा मिळताच बोट नदीतून काढून कालव्यात, पुराच्या दरवाजाच्या आत किंवा एखाद्या बंदिस्त गोदीत नेऊन बांधणे. वूस्टर शहरात सेव्हर्न नदीच्या काठी डिग्लिस येथे दोन लॉक चढून गेले की शांत गोदी आहे. नदीकडच्या भिंतीवर १७७० आणि १९४७ च्या पुराच्या खुणा कोरलेल्या आहेत. त्या पाहिल्या की माणसाला गोदीचे भाडे महाग वाटत नाही.

अडचण ही की हा निर्णय पाणी चढण्याआधी घ्यावा लागतो. कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था २०१२ पासून सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग सांभाळते. तिच्या नदीभागांवर हिरवा, पिवळसर आणि लाल असे पट्टे रंगवलेल्या फळ्या असतात. पाणी लाल पट्ट्यावर गेले की बोट हलवायची नाही. थेम्स नदीचा भरती-ओहोटी नसलेला भाग पर्यावरण खात्याच्या एन्व्हायर्न्मेंट एजन्सीकडे आहे. तेथे लॉकवर पिवळ्या आणि लाल पाट्या लावतात. पिवळ्या पाटीवर प्रवाह वाढतो आहे की उतरतो आहे हेही लिहिलेले असते. म्हणजे लाल पाटी दिसेपर्यंत जो थांबला त्याच्यापुढे एकच मार्ग उरतो: आहे तेथेच बोट सांभाळणे. अनेकदा हाच मार्ग शहाणपणाचाही असतो. पुरात बोट हलवायला निघालेला माणूस बोट आणि जीव दोन्ही धोक्यात घालतो. ७० फूट लांब, सपाट तळाची बोट जोरदार प्रवाहात आडवी झाली की तिचे इंजिन तिला सरळ करू शकत नाही. मग ती खालच्या बंधाऱ्यावर किंवा पुलाच्या खांबावर जाऊन अडकते.

नद्यांचे स्वभावही वेगवेगळे. काल्डरचे खोरे अरुंद आणि उताराचे, तेथे पाणी काही तासांत येते. २०१५ च्या २६ डिसेंबरला हेब्डन ब्रिज, मिथमरॉइड आदी गावे अशीच पाण्याखाली गेली आणि पुढे एलंड येथे जलमार्गावरचा जुना पूल कोसळला. थेम्सचे पाणी सावकाश चढते, पण आठवडेच्या आठवडे उतरत नाही. २०१३-१४ च्या हिवाळ्यात हाच अनुभव आला. २०२४ च्या जानेवारीच्या आरंभी हेंक वादळाच्या पावसाने ट्रेंट नदी इतकी चढली की नॉटिंगहॅमशायरमध्ये आणीबाणीची घोषणा करावी लागली. काल्डरवरचा मालक बोटीपासून तीन तासांच्या अंतरावर राहत असेल तर तो वेळेवर पोहोचणारच नाही. त्याला बोट रोजच उद्या पूर येणार अशी बांधून ठेवावी लागते. थेम्सवरच्या मालकाला वेळ मिळतो, पण त्याच्या धीराची कसोटी लागते.

दोर सैल की घट्ट?

नवशिक्या मालकाचे मन सांगते की पूर येतोय, दोर आवळून घ्या. हेच घातक ठरते. बोटीचा दोर काठावरच्या कडीला किंवा खुंट्याला आखूड बांधलेला असेल तर पाणी चढताना बोट वर जाऊ पाहते आणि दोर तिची काठाकडची बाजू खाली दाबून धरतो. बोट काठाच्या बाजूला कलते, भोके पाण्यात जातात. सकाळी लोक येऊन पाहतात तो बोट जागच्या जागी बुडालेली, आणि दोर मात्र शाबूत!

मग दोर सैल सोडावेत काय? नुसते सैल सोडले तर दुसरे संकट. काठ पाण्याखाली गेल्यावर बोटीला काठ आणि नदी यांतला फरक कळत नाही. प्रवाह आणि वारा तिला हळूच काठावर नेऊन ठेवतात. पाणी उतरू लागले की अर्धा तळ काठावर आणि अर्धा हवेत अशी ती लटकते आणि नदीच्या बाजूला कलंडते. प्रत्येक मोठ्या पुरानंतर कुरणात जाऊन बसलेल्या बोटींची छायाचित्रे तिकडच्या वृत्तपत्रांत येतात. त्यांतल्या ज्या सरळ कुरणात बसतात त्यांचे मालक नशीबवान. क्रेनचा खर्च येतो, पण बोट राहते.

यावरचा तोडगा दोराच्या लांबीत आहे, आणि त्यामागचे गणित शाळकरी मुलालाही समजेल. दोर बोटीपासून सरळ १ मीटरवर बांधला आणि पाणी १ मीटर चढले, तर दोराला जवळजवळ ४१ सेंटिमीटर अधिक लांबी लागते. तोच दोर १० मीटर दूर, बोटीच्या पुढे किंवा मागे बांधला, तर त्याच १ मीटर चढाला फक्त ५ सेंटिमीटर अधिक लागतात. म्हणून जाणते मालक बोटीच्या नाळेकडून एक दोर बराच पुढे आणि पिछाडीकडून एक बराच मागे नेतात. शिवाय नाळेकडून मागे आणि पिछाडीकडून पुढे असे दोन तिरके दोर बांधतात. या चार लांब दोरांनी बोट पुढे-मागे सरकत नाही, पण वर-खाली मात्र होऊ शकते. छपराच्या मध्यावर जो दोर असतो तो बोट थांबवताना हाताशी यावा म्हणून, कायम बांधण्यासाठी नव्हे. उंचावरून ओढणारा तो दोर बोटीला कलवण्याचे काम फार सफाईने करतो.

बोट काठावर चढू नये यासाठी दोर कामाचा नाही, कारण दोर ओढू शकतो, ढकलू शकत नाही. त्यासाठी काठ आणि बोट यांच्यामध्ये उंच लोखंडी नळ किंवा जाड वासे नदीच्या तळात ठोकतात. ते अपेक्षित पुरापेक्षा उंच हवेत. चार फुटांचा खांब पाच फूट पाण्यात बुडाला तर तो बोटीला आधार देत नाही, तळाला भोक पाडतो. कायमच्या जागांवर याची सुधारलेली तऱ्हा असते. उंच खांबांभोवती सरकत्या कड्या बसवून दोर त्या कड्यांना बांधायचा, म्हणजे पाण्याबरोबर कडीही चढते. त्याहून उत्तम म्हणजे तरंगता धक्का. तो उंच खांबांच्या आधाराने सबंधच वर-खाली होतो आणि त्याला बांधलेल्या बोटीला पूर आल्याचे जणू कळतही नाही. बोट ठेवायची जागा भाड्याने घेताना लोक वीज, पाणी आणि मोटार उभी करण्याची सोय विचारतात. धक्क्याचे खांब किती उंच आहेत हे विचारणारा गिऱ्हाईक विरळा!

आता दोर कशाला बांधायचा? कालव्यावर सर्रास लोखंडी मेखा जमिनीत ठोकून बोट बांधतात. पावसाने भिजून लोणी झालेल्या मातीतून त्या मेखा हां हां म्हणता उपटून येतात. शिवाय प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की बोटीवरचा ताण चौपट होतो. म्हणून जेथे काठाला पोलादी पत्रे ठोकलेले असतात तेथे त्या पत्र्यांमागे साखळी किंवा आकडा अडकवून बांधतात, नाहीतर पक्के खुंटे, नाहीतर मोठे झाड. झाडाचे भान ठेवावे लागते, कारण पुरात झाडेही जातात. आपल्या बोटीला दुसरी बोट बाजूने बांधलेली असेल तर दोन्ही बोटींचा भार आतल्या बोटीच्या दोरांवर येतो. शेजारधर्म जपूनही तिला वेळीच दुसरी जागा शोधायला सांगणे योग्य.

दोर कोणता घ्यावा यावर दुकानदार बरेच काही ऐकवतील. थोडक्यात सांगायचे तर नायलॉनचा तिपेडी दोर ताण आला की थोडा लांबतो आणि धक्का पचवतो, म्हणून तो चांगला. स्वस्त पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगते, पण उन्हाने कुजते. आपल्याकडचा काथ्याचा सुंभ याच गुणासाठी एके काळी मोठ्या जहाजांवरही वापरला जाई. तो लवचीक आणि तरंगणारा, पण त्याच जाडीच्या नायलॉनच्या तुलनेत कमजोर. दोर तुटतो तो ताणाने कमी आणि घासून जास्त. दगडी काठाच्या कडेवर रात्रभर घासला की सकाळपर्यंत त्याचे दोन पेड उरतात. त्यावर जुन्या रबरी नळीचा तुकडा चढवला तर काम भागते. पैशात मोजायचे तर हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्त विमा म्हणावा. आणि गाठ अशी हवी की भार असतानाही सोडता आली पाहिजे. बोट कलू लागल्यावर ओली, आवळलेली गाठ कोणाच्याही बापाला सुटत नाही. म्हणून दाराशी धारदार सुरी ठेवतात.

नाळ प्रवाहाकडे, म्हणजे वरच्या अंगाला असावी. पुरात येणारे ओंडके आणि अख्खी झाडे नाळेवर आपटून बाजूला जातात. मागची बाजू प्रवाहाकडे असेल तर सुकाणू आणि पंखा त्यांच्या तडाख्यात सापडतो. नाळेशी अडकलेला पालापाचोळा दिवसातून दोन-तीनदा बांबूने मोकळा करावा लागतो. तो साचला की जणू बोटीपुढे भिंतच उभी राहते आणि सारा प्रवाह दोरांवर येतो. नांगर साखळीसकट तयार असावा. निदान एवढे तरी, की दोर तुटलाच तर बोट बंधाऱ्याकडे वाहत जाण्याआधी काहीतरी तळाला धरेल.

आतले पाणी, वीज आणि माणूस

बाहेरच्या पाण्याच्या धास्तीत लोक आतल्या पाण्याला विसरतात. पंख्याचा दांडा जेथे बोटीतून बाहेर पडतो तेथील जोडातून थेंब थेंब पाणी येतच असते, वरून पाऊस. तळाचे पाणी उपसणारा स्वयंचलित पंप बॅटरीवर चालतो, आणि थंडीच्या ढगाळ दिवसांत छपरावरची सौर पाटी बॅटरीत फारशी भर टाकत नाही. तेव्हा पूर येण्याआधी बॅटरी भरून घेणे, पंप हाताने चालवून पाहणे आणि पुढच्या उघड्या भागातली पाणी जाण्याची भोके पानांनी तुंबली नाहीत ना हे बघणे, ही कामे अर्ध्या तासाची आहेत. छपरावर कोळशाची पोती, लाकडे आणि सायकली रचण्याची तिकडे रीतच आहे. ती सारी खाली उतरवावीत. वरचे ओझे कललेल्या बोटीला आणखी कलवते.

काठावरच्या विजेच्या खांबाची तार आधी काढावी. तो खांब पाण्याखाली गेल्यावर तार काढायला जाणे म्हणजे मरणाला हात लावणे. गॅसची टाकी बंद करावी. आणि पाण्याखाली गेलेल्या काठावरून चालू नये. काठ कोठे संपतो आणि नदी कोठे सुरू होते हे गढूळ पाण्यात दिसत नाही. जाणते लोक पूर येण्याआधीच काठाच्या कडेला उंच काठ्या रोवून ठेवतात. तरंगणारे जाकीट अंगात असल्याशिवाय दोरांची देखभाल करायला कोणी उतरू नये, आणि रात्री एकट्याने तर नाहीच.

पुराच्या पाण्यातून उंदरांच्या मूत्रामुळे पसरणारा लेप्टोचा ताप इंग्लंडच्या बोटवाल्यांनाही ठाऊक आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने त्याचा पुरेपूर अनुभव घेतला. हाताला जखम असेल तर ती झाकणे आणि काम संपताच साबणाने हात धुणे, एवढ्या साध्या गोष्टीने पुष्कळसा धोका टळतो. पुढे ताप आलाच तर डॉक्टरला पुराच्या पाण्यात उतरल्याचे सांगावे, नाहीतर तो साधा फ्लू समजून गोळ्या देईल.

यापुढचा प्रश्न कठीण आहे. बोट हेच ज्याचे घर, त्याने पुरात बोटीवर राहावे की सोडावी? राहिला तर दोर सैल-घट्ट करायला माणूस हजर असतो, आणि बोट वाचण्याचा संभव फार वाढतो. सोडली तर जीव सुरक्षित, पण उतरत्या पाण्यात बोट काठावर बसली तर ढकलायला कोणी नाही. आमच्या मते, काठापर्यंत कोरडी वाट आहे तोवर राहणे समजण्यासारखे आहे. ती वाट पाण्याखाली जाण्याची चिन्हे दिसू लागली की कागदपत्रे, औषधे आणि मुले घेऊन निघावे. सरकारी इशारे तिकडे तीन पायऱ्यांचे असतात. तिसरा, सर्वांत कडक इशारा म्हणजे जीवाला धोका. त्या पायरीपर्यंत बोटीत थांबणारा सुटका करणाऱ्यांचाही जीव धोक्यात घालतो.

उतरते पाणी

पूर चढताना सगळे जागे असतात. उतरताना लोक सुटकेचा श्वास टाकून झोपतात, आणि बोटी याच वेळी जातात. पाणी उतरण्याचा वेग कधी कधी चढण्यापेक्षाही अधिक असतो. चढत्या पाण्याबरोबर सैल केलेले दोर आता आवळत आणावे लागतात, आणि बोट नदीच्या पात्रावरच आहे ना हे बांबूने चाचपून पाहावे लागते. काठावर सरकली असेल तर वीतभर पाणी असतानाच दोघे-तिघे मिळून तिला ढकलू शकतात. ते वीतभर पाणी गेले की वीस टन पोलाद जागचे हलत नाही. सरकारी मापनकेंद्रांचे आकडे आता इंटरनेटवर दिवसभर मिळतात. वरच्या गावातले पाणी केव्हा उतरू लागले ते पाहून आपली वेळ काढता येते. रात्री दोनचा गजर लावावा लागला तर लावावा.

ट्रेंट नदीच्या क्रॉमवेल लॉकखालच्या भागात भरती-ओहोटीही आहे. तेथे पूर आणि भरती यांची गाठ पडते. याचा अर्थ चिपळूणच्या वाचकांना वेगळा सांगायला नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुराने तेथील बाजारपेठेचे काय केले ते सर्वांनी पाहिले आहे.

कालव्यातल्या बोटींना याच्या अगदी उलटा धोकाही असतो. अतिवृष्टीत कालव्याचा भराव फुटला तर पाणी चढत नाही, निघून जाते. १ जानेवारी २०२५ ला लिटल बोलिंग्टन येथे त्याच जुन्या ब्रिजवॉटर कालव्याचा भराव असा फुटला. पाणी ओसरले की आखूड दोरांनी काठाला बांधलेली बोट दोरांवरच लटकते. म्हणून कालव्यातल्या सुरक्षित बोटीचे दोरही अगदी ताणून बांधू नयेत.

विम्याचा आणि धंद्याचा हिशेब

नवी बोट बांधून घ्यायची तर आज लाख पौंड सहज ओलांडतात. तरीही पुष्कळसे मालक फक्त दुसऱ्याचे नुकसान भरून देणारा विमा काढतात, कारण परवान्यासाठी तेवढाच सक्तीचा आहे. पुरात स्वतःची बोट गेली तर त्यातून तिची किंमत मिळत नाही. आणि बोट बुडाली म्हणून जबाबदारी बुडत नाही! बुडालेली किंवा अडकलेली बोट मालकाने हलवली नाही तर १९८३ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याखाली ती काढून खर्च मालकाकडून वसूल करता येतो. पूर्ण विमा असला तरी कंपनीचा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो की बोट कशी बांधली होती आणि शेवटी कोणी केव्हा पाहिली. म्हणून पूर येण्याआधी आणि आल्यावर दोरांची छायाचित्रे तारखेनिशी काढून ठेवणारा मालक भित्रा नसतो, व्यवहारी असतो. ज्यांना दूर राहावे लागते ते काठावरच्या एखाद्या भरवशाच्या माणसाला ठरावीक मेहनताना देऊन बोटीवर नजर ठेवायला सांगतात. या कामाचा तिकडे छोटासा धंदाच झाला आहे, आणि तो इमानाने करणाऱ्याला गिऱ्हाईक कमी पडत नाही.

ज्यांच्याकडे कायमची जागा नाही अशा मालकांना १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी साधारणपणे १४ दिवसांहून अधिक थांबता येत नाही. पुराच्या वेळी हा नियम आड येत नाही. परिस्थितीमुळे आवश्यक तितके थांबण्याची मुभा त्याच कलमात आहे. मात्र ट्रस्टला कळवावे लागते. काही मालक दंडाच्या भीतीने लाल पट्ट्यावरच्या नदीतून बोट काढतात, तसे करण्याचे काहीही कारण नाही.

भाड्याने बोटी देणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांचे गिऱ्हाईक आठवड्याची सुटी मोजून आलेले असते. शनिवारी बोट परत यायला हवी, नदीवर लाल पाटी, आणि दुसरे कुटुंब सामान घेऊन धक्क्यावर उभे! अशा वेळी जो व्यावसायिक गिऱ्हाइकाला फोनवर सांगतो की आहात तेथेच थांबा, आम्ही मोटारीने न्यायला येतो, तो त्या आठवड्याचे भाडे गमावतो. जो कसेही करून या म्हणतो, त्याला बोट बंधाऱ्यावरून काढायला क्रेन मागवावी लागण्याचा संभव असतो, आणि त्याहून वाईटही घडू शकते.

बोट बुडालीच तर काय करावे, तेही सांगितले पाहिजे. ती बुडाली असता घाईने पंप लावण्यात अर्थ नाही. आधी ज्या भोकांतून पाणी आले ती बंद केली पाहिजेत आणि बोटीची कड पाण्यावर आली पाहिजे, नाहीतर नदीच उपसत बसावे लागते. टाकीतले डिझेल पाण्यात पसरत असेल तर खात्याला कळवणे आवश्यक. बोट वर आल्यावर इंजिन सुरू करून पाहण्याचा मोह आवरावा. सिलिंडरमध्ये पाणी असताना चावी फिरवली तर दांडे वाकतात आणि दुरुस्त होणारे इंजिन भंगारात जाते. पाणी काढून, तेल दोन-तीनदा बदलून, सिलिंडरमध्ये तेल सोडून ते हाताने फिरवले, आणि हे सारे बोट वर आल्यापासून एक-दोन दिवसांत केले, तर जुने डिझेल इंजिन पुष्कळदा पुन्हा चालू लागते. हवा लागून आतला भाग एकदा गंजू लागला की मग मिस्त्रीच्या हातात फारसे काही उरत नाही. बॅटऱ्या आणि विजेच्या तारा मात्र नव्याच घालाव्या लागतात, आणि भिंतींच्या आतले भिजलेले लाकूड व लोकर काढून बोट उन्हाळाभर उघडी वाळवावी लागते.